रुंद टायर आणि डावी सीट

दादाने बाबांच्याच जुन्या ऑफिसातल्या सरकारी नोकरीचा राजीनामा दिला त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलेनासे झाले. काचीगुड्याच्या आमच्या घरात दोघं रोज समोरासमोर जेवायला बसत. बाबांना वरण हवं असलं की ते आईला सांगत, आई दादाला सांगे, आणि दादा हात लांब करून बाबांना वाढी. मी मधे बसून जेवत असे. घरात कितीही बेबनाव असो, माझ्या भुकेवर त्याचा परिणाम झाल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या वर्षांत बाजार खुला होऊन देश मोकळा झाला म्हणत, आणि दादाही मोकळा झाला होता. नारायणगुड्यात त्याने कॉम्प्युटरचे क्लास काढले, ते चालले, आणि एक दिवस तो जुनी स्पोर्ट्स कार घेऊन दारात आला. दोन दारं, दोनच सीटा, रस्त्याला पोट टेकेल इतकी बसकी. बाबांनी गॅलरीतून पाहिलं आणि आईला म्हणाले, "ऑटोची चाकं लावून फिरायलाय, सांग त्याला."

चाकं किडकिडीत होती हे खरंच. एरवी दादाने हसण्यावारी नेलं असतं. पण इतक्या महिन्यांत बाबांनी त्याच्याविषयी काढलेला तो पहिला शब्द. तो असा वाया घालवायचा नव्हता. चाकं बदलायची, आणि मग बाबांना गाडीत बसवायचं, असं त्याने मनाशी धरलं.

टायरवाल्याकडे मीही गेलो. रुंद अलॉय रिम, त्यांवर रुंद टायर. चढवल्यावर गाडी खांदे रुंदावून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. टायर आणि मडगार्डची कड यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी फट राहिली होती. दादा एकटा बसून चक्कर मारून आला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. कुठे घासत नव्हतं.

"बाजू में किसी को बिठाके भी देख लेओ साब," टायरवाला म्हणाला. "भार पडा तो गाडी बैठती."

मी लगेच दार उघडलं. माझ्या वजनाचा कुणाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. दादाने मला दंडाला धरून मागे ओढलं. "नक्को. या सीटवर आधी बाबा बसतील."

आमच्याकडे नव्या वस्तूचा पहिला मान वडिलांचा. टेबलफॅन आला तेव्हा ऐन थंडीत बाबा त्याच्यासमोर अंगाला शाल गुंडाळून बसले होते. तेव्हा माझ्यासारख्याचं बूड त्या सीटला लागणं शक्यच नव्हतं.

रविवारी अंबरपेठला आत्याकडे जायचं होतं. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि बाबांची पिशवी परस्पर गाडीत नेऊन ठेवली. आता पिशवीमागे जाणं बाबांना भाग होतं. ते सीटमध्ये बसले म्हणजे बराच वेळ खाली खालीच जात राहिले. मी स्कूटरवर मागून निघालो.

मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, दोन्ही सरळ, जणू एकमेकांची ओळख नाही. मग बाबांचं डोकं उजवीकडे वळलं. हात हलला. बाबा बोलत होते! तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात आदळली आणि डाव्या मागच्या चाकातून धूर निघाला. जळक्या रबराचा वास नाकात गेला. प्रत्येक उंचवट्यावर मडगार्डची कड टायर कापत होती.

थांबवलं तर बोलणं मोडणार. नाही थांबवलं तर टायर फुटणार, आणि तोही बाबांच्या बाजूचा. मी हॉर्न वाजवला. हैदराबादेत हॉर्नने कोण वळून बघतं? शेवटी स्कूटर पुढे घालून आडवी उभी केली.

दादा उतरला, टायरपाशी वाकला आणि पांढराफटक पडला. टायरच्या कडेवर खोल चीर गेली होती. बाबा दाराला धरून कसेबसे बाहेर आले.

"बघून नाही घेतलं?" इतक्या महिन्यांनी थेट दादाला विचारलेला प्रश्न.

"एकट्याने पाहिलं होतं. तुमच्या आधी कुणाला बसवायचं नव्हतं."

बाबांनी त्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. "याला बसवायचं होतंस. एवढं वजन घरात कशाला पोसलंय?"

मी हसलो. दादा हसला नाही. एकटा असलो की घासत नाही, हळूहळू घरी नेतो, असं तो मलाच सांगत राहिला. बाबा पिशवी घेऊन स्कूटरवर माझ्या मागे बसले.

डावी सीट रिकामी ठेवून गाडी वळून परत गेली. न राहवून मी विचारलं, काय बोलत होतात? दादाची पाठ थोपटली असेल, क्लास कसे चाललेत विचारलं असेल, असं मी धरूनच चाललो होतो.

"त्याच्या ऑफिसच्या साहेबांच्या घरी जाऊन आलो मी," बाबा म्हणाले. "त्याला नोकरीत परत घ्यायचं बघतो म्हणालेत. ते सांगायलो होतो."

"मग दादा काय म्हणाला?"

"कुठं काय? तूच आडवा आलास."

साहेबांच्या दारात बाबा कसे उभे राहिले असतील, ते डोळ्यांपुढे आलं. निवृत्तीनंतर त्या ऑफिसची पायरीही चढणार नाही म्हणणारे बाबा. आणि दादाचं ते सरळ धरलेलं डोकंही आठवलं. तो हो म्हणणार नव्हता.

आत्याच्या गल्लीत शिरताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाकं नीट झाली की सांग म्हणावं. पुन्हा बसतो. बोलणं अर्धंच राहिलंय."

हा निरोप मी रात्री दादाला जसाच्या तसा दिला. दुसऱ्या दिवशीच तो टायरवाल्याकडे जाईल असं मला वाटलं होतं. पण चाकं नीट झाली की बाबांना तोंडावर नाही म्हणावं लागणार होतं; गाडी कितीतरी दिवस आच्छादन घालून दारात उभी होती.