‘कळवू’ म्हटल्यानंतर

आमच्या शाळेत ग्रंथपालाच्या जागेसाठी मुलाखती होऊन आठ दिवस झाले होते. परीक्षांच्या गडबडीत सगळे अर्ज माझ्या टेबलावरच पडून होते. दुपारी फोन आला.

“मुख्याध्यापिका मॅडम ना? मी सरिता, मुलाखतीला आले होते. कळवू म्हणाला होतात. नकार असला तरी सांगा.”

नकार? आम्ही अजून ठरवायलासुद्धा बसलो नव्हतो. आपल्याकडून नुसतं राहून जातं आणि वाट बघणाऱ्याला तो नकार वाटत राहतो. तरीही तिनं धीर करून विचारलं, याचं मला फार बरं वाटलं. मुलाखतीतही मला तीच आवडली होती.

“उद्या अकराला या. ग्रंथालय दाखवते,” मी म्हटलं.

“येते, मॅडम!”

फोन बंद करायला मात्र ती विसरली. लांबून तिचा आवाज आला, “आई, अगं, बोलावलंय!”