निकाल लागेपर्यंत

"हिला मागं घ्या."

शिमग्यातली दुपार. ग्रामदेवीची पालखी आमच्या अंगणात बसलेली. माझ्या हातात सूप. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी भरायला मी वाकले, तोच गावच्या मानकऱ्यांनी काठी आडवी धरली. नात्याने माझे लांबचे काका. बोलले ते माझ्याशी नाही, माझ्या भावाशी.

"हिचा निकाल लागला नाय अजून. धड नांदती नाय, धड सुटलेली नाय. ओटी तुज्या बायकोला भरूदे."

ढोल थांबला. सगळी वाडी बघत होती. आणि मी मागे सरले. हो, सरले. नवऱ्याने टाकलं त्याची लाज मला कधीच वाटली नाही. त्या दोन पावलांची अजून वाटते.

मागे सरायची सवयच लागली होती. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला आणि घटस्फोटाच्या अर्जात खोट काढली ती माझ्या स्वभावात. मी आठ वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आले. पालीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. तेव्हापासून जो तो मला वागायला शिकवत होता. आई म्हणे, निकाल लागेपर्यंत मंगळसूत्र काढू नको. भाऊ म्हणे, कार्यात पुढे पुढे करू नको. वहिनी म्हणे, नवी साडी कशाला, लोक बघतात. वकीलबाईंनी एवढंच सांगितलं होतं की मुलीचा ताबा हवा तर कुठे वाद घालू नका, समोरच्यांच्या हाती कोलीत देऊ नका. त्यांचं खरं होतं. बाकीच्यांचं मी भीतीने ऐकलं. दीड वर्ष. हसू आलं तरी तोंडावर हात. गिऱ्हाईक खेकसलं तरी मान माझीच खाली.

वहिनीने सुपाला हात घातला. लेकीने माझा पदर ओढला. हळू विचारलं, "आई, मग बाबांना कसं चालतं?"

सकाळीच तिने माझ्या भावाच्या मोबाईलवर बापाचं स्टेटस बघितलं होतं. शिमग्याला तो मुंबईहून त्याच्या गावी आला होता. पालखी खांद्यावर घेऊन नाचत होता. गुलालाने माखलेला, दात काढून हसत.

माझं डोकं फिरलं. सूप मी सोडलं नाही.

"काका, तो तिकडं पालखी नाचवतोय. त्याचा निकाल लागलाय काय?"

"पुरुषाचं निराळं असतं गो."

"आणि देवीचं? ती तर बाईच हाय."

काकांचा चेहरा काळवंडला. त्यांनी काठी उचलून खूण केली. भोयांनी पालखी खांद्यावर घेतली आणि ती शेजारच्या अंगणात गेली. आई कपाळ बडवून रडायला लागली, "पालखी रिती गेली गो आमच्या दारातनं!" भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तिन्हीसांजेच्या आत तो नवऱ्याकडे पोचला.

वकीलबाईंचा फोन आला. "अहो, काय करून बसलात हे?"

सुपातला नारळ मी पायरीवर फोडला. लेकीला खोबरं दिलं. मंगळसूत्र काढून डब्यात टाकलं.

जीव थाऱ्यावर नाही. दुकानात कागद उलटे लावते, पुन्हा काढते. लेक जाईल ही भीती काही गेलेली नाही. पुढच्या तारखेला रत्नागिरीच्या कोर्टात समोरचा वकील तो व्हिडिओ पुढे करणार. विचारणार, बाई, तुम्ही देवाची पालखी अडवलीत ना?

अडवली नाही, साहेब. माझ्या बापाच्या अंगणात मी ओटी घेऊन उभी होते. अडवलं मला. पुढच्या शिमग्यालाही सूप घेऊन तिथेच उभी राहणार आहे. निकाल काय लागायचा तो लागूदे. मागे सरणार नाही.