गोडे अण्णांनी मागितलेलं पाणी

ज्या घराची तपासणी करायची, त्या घरचं पाणी गोडे अण्णा पीत नसत. चहा-कॉफी तर दूरच. भर उन्हातून खेड्यात पोचलेलो असू, तोंडाला कोरड पडलेली असो, घरातली बाई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली की अण्णा दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचे, "बेडा अम्मा, नको." मग खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढून तिच्यादेखत ताक प्यायचे. दारी आलेल्या माणसानं पाणी नाकारलं की काय वाटतं, ते मी सांगायला नको. त्यांच्याबरोबर मी बरीच घरं पाहत हिंडले आणि प्रत्येक ठिकाणी त्या बाईचा चेहरा उतरताना पाहिला. कुणाला वाटे हा जात बघतो, कुणाला वाटे घर विकायला काढलं म्हणून आपला मान गेला. अण्णा कुणाचाच गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत.

गोडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कानडीत गोडे म्हणजे भिंत. हे नाव त्यांना खेड्यातल्या लोकांनी दिलं आणि पुढे चामराजपेटेतल्या त्यांच्या शेजाऱ्यांनीही तेच उचललं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले, नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर. शहरातली माणसं धुराला आणि गर्दीला कंटाळून आसपासच्या खेड्यांत जुनी घरं विकत घ्यायला लागली, तेव्हा घेण्याआधी ते घर उभं राहील की नाही हे सांगणारं कुणीतरी लागायला लागलं. अण्णा ते काम करत. त्यांची मराठी घरात बोलायची मराठी होती, त्यामुळे तिच्यात निम्मं कानडी असे. मी कोल्हापूरची, पहिले काही दिवस मला त्यांचं अर्धंच कळायचं. पण "राहू नका" एवढं ते अगदी शुद्ध मराठीत म्हणत.

मला त्यांची गरज पडली ती आबांमुळे. माझे वडील उभी हयात फाउंड्रीत होते आणि तिथली धूळ त्यांनी छातीत भरून घरी आणली. आई-आबांना मी बंगळुरात मारतहळ्ळीच्या माझ्या फ्लॅटवर आणलं तर रिंग रोडच्या धुळीनं उरलंसुरलं पुरं केलं. आबा रात्ररात्र उशांना टेकून बसायचे. डॉक्टरांनी सांगितलं, यांना मोकळ्या हवेत ठेवा. मोकळी हवा म्हणजे खेडं आणि खेड्यात आमच्या ऐपतीत बसणारं म्हणजे जुनं घर. ऑफिसातल्या बेळगावच्या मैत्रिणीनं अण्णांचा नंबर दिला आणि बजावलं, "ते फार कडू बोलतात, मनाला लावून घेऊ नकोस."

ते कडू बोलत नसत, फक्त गोड बोलत नसत. घरात शिरण्याआधी घराभोवती एक फेरी मारायचे, चारही कोपऱ्यांशी उकिडवे बसायचे, पायाजवळची माती चिमटीत घेऊन चोळायचे, भिंतीला नाक लावून वास घ्यायचे. ओळंबा सोडून भिंत किती कलली ते बघायचे. मग हातोडीच्या दांड्यानं वासे ठोकत आत जायचे, कारण वासा भिंतीत शिरतो तिथेच वाळवी पहिली घुसते. घरमालकानं नुकताच रंग दिलेला असला की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "नवा रंग दिलेलं घर आणि लग्न ठरवायला आलेला मुलगा," ते म्हणत, "दोघेही स्वल्प काहीतरी झाकतात." मला हसू यायचं, पण त्या रंगामागची भेग ते बोटानं दाखवायचे तेव्हा हसू मावळायचं.

त्यांची आणखी एक सवय लोकांना मुळीच आवडत नसे. त्यांनी नको म्हटल्यावरही ज्यांनी घर घेतलं, अशांना ते पावसाळ्याच्या तोंडावर फोन करत. कोरमंगल्यातल्या एका जोडप्यानं त्यांचं न ऐकता दगडी खांबांचं एक देखणं घर घेतलं होतं. अण्णा त्यांना दर वर्षी विचारायचे, कुठल्या खोलीत झोपता, मुलं कुठे झोपतात, भिंतीला हात लावला तर ओल लागते का. शेवटी त्यांनी अण्णांचा नंबर ब्लॉक केला. अण्णा मग माझ्या फोनवरून फोन करू का म्हणून विचारायला लागले. मी संकोचानं होकार दिला आणि पलीकडच्या बाईची बोलणी मला खावी लागली.

पाण्याचं कारण त्यांनी मला मागडी रस्त्यावरून परतताना गाडीत सांगितलं, तेही मी फार खोदून विचारल्यावर. त्यांच्या धाकट्या बहिणीनं आणि मेव्हण्यानं कोलारकडे जुनं घर घ्यायचं ठरवलं होतं. अण्णांना बघायला बोलावलं. बहिणीनं मालकांच्या परवानगीनं त्याच घरात चूल पेटवून होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या. दादा येणार म्हणून. अण्णा पोटभर जेवले, मग भिंत बघायला उठले. समोरची त्रिकोणी भिंत वरून सुटलेली त्यांना दिसली.

"ती हसत होती, अम्मा," ते म्हणाले. "तिच्या हातचं खाऊन तिला काय सांगणार? मी म्हटलं, चालेल, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. त्याच पावसात ती भिंत कोसळली. बहीण खाली होती." त्यांनी मांडीवरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मला भिंत कळली नव्हती असं नाही. क्रम चुकला. आधी जेवलो, मग बघितलं."

असल्या वेळी जे बोलायचं असतं ते मला कधीच सुचत नाही, आणि ज्यांना सुचतं त्यांचा मला राग येतो.

आमचं घर त्यानंतर मिळालं. मागडीच्या पलीकडे, गावाच्या कडेला, मातीच्या भिंतींचं कौलारू घर. पुढे जगली, म्हणजे आपला ओटा. मागे एक खोली, तिला मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर नाचणीचं शेत. आबा त्या खोलीत जाऊन खिडकीशी उभे राहिले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी एक सबंध श्वास घेतला. मी तो ऐकला. अण्णांनीही ऐकला असणार, कारण ते त्या मागच्या भिंतीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

आधीच्या मालकानं मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. त्यामुळे आतली ओल आतच कोंडली होती आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर एक भेग गेली होती. भिंत आजारी आहे, पण मेलेली नाही, असं अण्णांचं मत पडलं. सिमेंट काढा, भिंत सुकू द्या, चुन्याचा गिलावा करा, कौलांचं पाणी लांब सोडा. मग त्यांनी भेगेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना चुन्यानं चिकटवली. भिंत हलली तर काच फुटेल. "काच फुटली त्या दिवशी ही खोली रिकामी करायची," त्यांनी आबांना सांगितलं. "दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी." आबांनी मान डोलावली. आम्ही घर घेतलं.

पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी अण्णा काच बघायला येत. कुणी बोलवायची गरज नसे. भिंत बघून झाली की जगलीवर बसून आबांशी लोखंडाच्या ओतकामाबद्दल गप्पा मारत. दोघांचं छान जमलं होतं. पण पाणी नाही ते नाहीच. आई दर वर्षी तांब्या आणायची आणि दर वर्षी तो परत न्यायची. एकदा ती चिडलीच. म्हणाली, आता तर तुम्ही घरचेच झालात. अण्णा तिला म्हणाले, "आज पाणी प्यायलो तर मी पाहुणा झालो. पाहुण्याला घर चांगलंच दिसतं, अक्का. मग पुढच्या वर्षी भिंत कोण बघणार?" तेव्हा मला कळलं की त्यांची ती बाटली हीच त्यांची माया होती. आईला मात्र ते पटलं नाही.

शेवटच्या वेळी मी त्यांना चामराजपेटेतून गाडीनं घेऊन गेले. ते अर्धे झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, वय झालं. त्यांनी नेहमीप्रमाणे घराला फेरी मारली, पण कोपऱ्यांशी बसताना भिंतीला धरून बसले. मग मागच्या खोलीत आले. आबा कॉटवर होते. काच शाबूत होती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात पाहिलं की अण्णा काचेकडे बघतच नाहीत. ते काचेच्या दोन टोकांवरून अंगठा फिरवत होते. त्यांनी काच चुन्यानं चिकटवली होती. आता तिथे सिमेंट होतं. काचेच्या वर आणि खाली भेगेत माझं बोट गेलं असतं.

आबा खिडकीबाहेर बघत होते. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला काचेचा तुकडा कापून बसवायला असा कितीसा वेळ लागणार?

"काच कुणी बदलली ते मी विचारणार नाही," अण्णा हळूच म्हणाले.

आबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते भिंतीकडेच बघत बोलले, "पुढच्या खोलीत शेजारच्या चुलीचा धूर येतोय. हितं मला श्वास घेता येतोय, अण्णा. हितनं हलवलासा तर तसाबी मरतोय मी."

मला आबांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. वाटलं, आता अण्णा त्यांना बहिणीची गोष्ट सांगतील. पण ते सावकाश कॉटच्या कडेला टेकले. आमच्या घरात ते आजवर आत कधी बसले नव्हते.

"यजमान," ते म्हणाले, "मला स्वल्प पाणी द्या."

आई स्वयंपाकघरातून धावली. अण्णांनी तिला हातानं थांबवलं. "यांच्या हातचं."

आबा उठले. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. येताना निम्मं त्यांच्या धोतरावर सांडलं होतं. अण्णांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. आईला इतका आनंद झाला की तिनं लगेच कॉफीचं आधण ठेवलं. आबा मात्र जागच्या जागी उभे होते.

"सरी, ठीक आहे," अण्णा रिकामा तांब्या त्यांच्या हाती देत म्हणाले. "आता मी या घरचा पाहुणा झालो. मला इथली भेग दिसणार नाही. यापुढे तुम्हीच बघा."

आबांनी तांब्या खिडकीत ठेवला. कॉफी पिऊन आम्ही निघालो. गाडी वळवताना मला आरशात दिसलं, आबा आपली गादी फरफटत जगलीवर आणत होते. मध्येच दम लागून ते तिच्यावरच बसले.

परतीच्या वाटेवर अण्णांनी सांगितलं की पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. "डॉक्टरांनीही माझी तपासणी केली," ते म्हणाले. "आधी कॉफी पाजत बसले नाहीत, बघितलं आणि सरळ सांगितलं. चांगला माणूस." मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. ते ताकाची बाटली हातात धरून माझं संपायची वाट बघत बसले.

पाऊस लागला आणि थोड्याच दिवसांत अण्णा गेले. चामराजपेटेतल्या त्या लहानशा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. किती खेड्यांतली माणसं आली होती. एका कोपऱ्यात एक तरुण जोडपं संकोचून उभं होतं. तिच्या आवाजावरून मी ओळखलं. कोरमंगल्यातली, माझ्या फोनवर मला बोलली होती तीच. त्यांनी ते घर सोडलं असेल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आमची मागची भिंत त्यानंतर पडली. दुपारची वेळ होती. खिडकीसकट भिंत आत आली आणि कॉट होती ती जागा मातीच्या ढिगाखाली गेली. आई-आबा पुढे होते. आईचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की अण्णांना कळवायला हवं. मग आठवलं, कुणाला कळवणार? आबा वाचले, पण त्यांची खिडकी गेली. शेजारच्या धुरानं त्यांची छाती पुन्हा भरून आली आणि आता ते जगलीवर ऑक्सिजनचं मशीन लावून बसतात. अण्णांनी त्यांना वाचवलं म्हणजे नेमकं काय दिलं, हा प्रश्न मला पडतो. आबांना कधी पडलेला दिसला नाही.

उरलेल्या भिंती दाखवायला मी परवा एका तरुण इंजिनियरला घेऊन गेले. हुबळीकडचा, मराठी समजणारा, चांगला मुलगा. ऊन फार होतं. आई सवयीनं तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि त्यानं हात पुढे केला. आबांनी नाकावरची नळी बाजूला केली, आईच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि आपल्यापाशी ठेवला.

"आधी भिंती बघा," ते म्हणाले. "पाणी मग."

त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. तो घराला वळसा घालून मागे गेला आणि तो परत येईपर्यंत आबा तांब्या मांडीवर धरून बसून राहिले.