शिक्षण : सातवी

शेजवलकर बाई गेल्याचं मला कॉलेजातल्या मित्राने, शिरीषने, फोनवर सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. मरोळच्या आमच्या कारखान्यात फोन टाइमकीपरच्या टेबलावर असतो, तिथे उभं राहून मी ऐकलं. "पक्या, बाई गेल्या रे. परवा सकाळी. हार्ट अटॅक." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि जागेवर येऊन कामगारांचे रजेचे अर्ज लावत बसलो. डबा खाईपर्यंत मला काहीच वाटलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण बाईंबद्दल लिहायचं तर जसं झालं तसंच लिहायला हवं. त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्यांचे लेख येतीलच. मी लाडका नव्हतो. बाईंनी माझं एक वर्ष घालवलं होतं.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. उंचीने बेताच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याची काडी कायम दोऱ्याने बांधलेली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला बाकीचे प्राध्यापक हजेरी घेऊन सोडून द्यायचे. बाईंनी मात्र सायक्लोस्टाइल केलेले दोन-दोन कागद वाटले. वर लिहिलेलं, 'प्रथम वर्ष मानसशास्त्र : अपेक्षा आणि नियम.' आणि मग पाऊण तास त्यांनी ते कागद वाचून दाखवले, एक ओळ न गाळता. घंटेनंतर पाच मिनिटांनी दार बंद. चुकलेली चाचणी परत नाही, घरात लग्न असो की दिवसकार्य. उत्तरं मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, दोन्हीची खिचडी नको. पहिल्या वर्षाला प्रयोग नसतात, पण बाईंनी स्वतःच्या हौसेने चार छोटे प्रयोग घातले होते आणि त्यांची वही तपासल्याशिवाय टर्मच्या फॉर्मवर त्या सही करत नसत. प्रयोग ज्याच्यावर करायचा त्या माणसाला 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयुक्त खरा असावा, आकडे आले तसे लिहावेत, प्रयोग फसला तर फसला म्हणून लिहावं, त्याचे मार्क कापले जाणार नाहीत. नववा नियम असा, की प्रयोग करताना काय वाटलं हे प्रयुक्ताला विचारावं आणि त्याच्याच शब्दांत उतरवावं. शेवटी एक ओळ होती, 'हे नियम घरी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावेत आणि मगच सही करून कागद परत द्यावा.'

मी जिन्यातच शिरीषच्या पाठीवर कागद ठेवून सही केली आणि शिरीषने माझ्या पाठीवर. घरी कुणाला वाचून दाखवणार? आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहायचो. बाबांची गिरणी बंद पडली होती, ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. आई मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, घरी आली की चूल, पाणी, आणि पुन्हा आम्ही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं, शिरीषलासुद्धा नाही.

चौथा प्रयोग पाठांतराचा होता. अर्थ नसलेल्या दहा अक्षरजोड्या प्रयुक्ताने वाचायच्या, किती आठवतात ते मांडायचं, सगळ्या येईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच करायचं आणि मग आलेख काढायचा. आमच्या कॉलेजात एक जुनी रीत होती. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी वही आणायची, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे आणि सुबक अक्षरात उतरवायची. मीही तेच केलं. प्रयुक्त म्हणून आईचं नाव घातलं, कारण घरच्या माणसाचं नाव घातलं की कोण विचारायला येतंय? नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना होता शिक्षण. तिथे माझा हात थोडा वेळ थांबला... आणि मी लिहिलं, सातवी. का सातवी, दहावी का नाही, कुणास ठाऊक. पेलवेल एवढं दिलं असावं. शेवटी, तिला काय वाटलं त्या जागी सगळे लिहायचे तेच वाक्य लिहिलं, 'प्रयोग करताना मला आनंद वाटला.'

आठ दिवसांनी शिरीष कँटीनमध्ये धावत आला. "पक्या, वाट लागली. बाई एकेकाला बोलवतायत. तुझी वही वरच ठेवलीय."

बाईंनी माझा आलेख पुढे केला. रेघ कशी सरळ वर चढत गेलेली. "माणूस असं शिकत नाही रे," त्या म्हणाल्या. "मधे विसरतो, घसरतो, कंटाळतो. प्रयुक्त कोण आहे? आई? घेऊन ये त्यांना." मी म्हटलं, तिला कामावरून सुट्टी मिळत नाही. "मिळेल तेव्हा आण. तोवर मी सही करणार नाही."

आईला मी अर्धंच सांगितलं. बाईंना तुला भेटायचंय, एवढंच. तिला वाटलं, मुलाचं काहीतरी चांगलं झालंय. अर्धा दिवस खाडा करून, लग्नाकार्याला नेसायची ती साडी नेसून ती मुलुंडला आली. विभागाच्या खोलीत खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"तुमची सातवी कुठल्या शाळेत झाली?" बाईंनी सहज विचारलं.

आई हसली. "सातवी? मी शाळेची पायरीच चढूक नाय, बाई. माका वाचूक येणा नाय." मग तिने माझ्याकडे बघितलं. वहीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. पुढे कधीही मला एवढी लाज वाटली नाही. खोटं पकडलं गेलं त्याची लाज नव्हे. मी तिला सातवी केलंय, म्हणजे ती आहे तशी मला चालत नाही, हे तिला कळलं, त्याची.

बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. अर्धा तास मी व्हरांड्यात उभा होतो. आत काय चाललंय कळत नव्हतं. एकदा आईचं हसू ऐकू आलं, आणि मी चक्रावलो. ती बाहेर आली तेव्हा तोंडावर राग नव्हता. घरी जाताना एवढंच म्हणाली, "बाई बरी आसा." आत काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

फॉर्मवर सही झाली नाही. मी हातापाया पडलो, घरची परिस्थिती सांगितली. बाई म्हणाल्या, "नियम घरी वाचून दाखवले होतेस?" माझं वर्ष गेलं, फीची सवलत गेली. आईच्याच कारखान्यात वर्षभर खोकी चिकटवली आणि बाईंना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसलो, तेच दोन कागद पुन्हा मिळाले. या वेळी मात्र घरी नेऊन आईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत ऐकत होती. नवव्या नियमाशी थांबवून म्हणाली, "ह्यो परत वाच." त्या वर्षी माझा प्रयोग खरोखरच फसला. मी तसं लिहिलं. बाईंनी सही केली, शाबासकी वगैरे काही दिली नाही.

त्यांनी बरोबर केलं का? मला अजून पटलेलं नाही. आमच्यासारख्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे त्यांना नीट माहीत होतं असं मला वाटत नाही. गेल्या दिवाळीत मुलुंडच्या बाजारात भेटल्या, हातात पिशवी, चष्म्याला तोच दोरा. त्यांनी मला नावाने हाक मारली. मी धीर करून विचारलं, "बाई, तेव्हा सही केली असती तर काय बिघडलं असतं?" त्या बराच वेळ कोथिंबिरीच्या जुड्या बघत राहिल्या. "काही बिघडलं नसतं," म्हणाल्या. "मग?" "मग काय... नियम मीच लिहिला होता ना. बरोबर होता की नाही, मलाही नाही सांगता येत." कोथिंबीर घेऊन त्या निघून गेल्या. तीच शेवटची भेट.

मागच्या रविवारी शिरीषला घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई एकट्याच राहायच्या. त्यांची भाची सामान आवरत होती. कपाटात वर्षावार फायली होत्या, आम्ही सह्या केलेले सगळे कागद जपून ठेवलेले. माझा सापडला. जिन्यातली ती वेडीवाकडी सही. त्याला टाचणीने आणखी एक कागद लावलेला, बाईंच्या अक्षरात. भाची म्हणाली, "न्या तुम्ही, इथे रद्दीत जाईल."

घरी येऊन तो आईला वाचून दाखवला. वय : नक्की सांगता येत नाही. शिक्षण : नाही. सूचना : शब्द तोंडी सांगितले. खाली त्या दहा निरर्थक शब्दांची यादी. आकडे : तीन, पाच, चार, सहा, सहा, पाच, आठ. वेळ संपली. मग आईचे शब्द, बोलली तसेच : 'मधी इसारलंय, कारण झिलाची काळजी लागली, तो भायर उबो आसा. मगे हसूक इला. माका काय वाटला, ता आजपातूर कोणी इचारूक नाय.' खाली आईचा निळा अंगठा, आणि त्याच्या शेजारी बाईंची सही. माझ्या फॉर्मवर त्या वर्षी झाली नाही ती.

मला पुढे काही वाचवेना. रडू आलं, आणि ते बाईंसाठी की आईसाठी, ते माझं मलाच कळलं नाही.

आईने तो कागद हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "थांब हां. झोम... रुफ..." डोळे मिटून आठवत राहिली. "ढिस. आणि... कुब."

मी कागदावरची यादी बघितली. पहिले तीन होते. 'कुब' कुठेच नव्हता. मी पेन घेतलं आणि आकड्यांच्या खाली तिने सांगितले तसे चारही शब्द लिहून ठेवले.