धाडच्या फाट्यावरच्या बाया

पुण्याहून गाडी सुटली तरी सरांचं बोलणं डोक्यातून जाईना. ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला मी 'गावाकडचे फ्लेक्स' हा विषय घेतला, तर म्हणाले, "तो नुसता गोंगाट आहे. तिथे एक तरी स्वच्छ फ्लेक्स लावून दाखव, नाहीतर विषय बदल." म्हटलं, दाखवतेच!

सकाळी बुलढाण्याला उतरले आणि मांडीला मांडी लावून जीपने धाडला निघाले. दोन्ही बाजूंना मका, मिरची. फाट्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स झळकत होते. सगळे मिशावाले, बाई औषधालाही नाही.

मावशीकडे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि मिरचीची भाजी चापली. मावशी बुद्धविहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. मंडळाने पोरींसाठी अभ्यासिका बांधली होती, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. फ्लेक्स अर्थातच माझ्याकडे आला. कॉलेजात ऐकलेले रिकाम्या जागेचे सगळे गोडवे मी त्यात ओतले: पांढरंशुभ्र, कोपऱ्यात एक निळी खिडकी, खाली बारीक अक्षरांत नाव. फाइल व्हॉट्सॲपवर फ्लेक्सच्या दुकानात पाठवून दिली.

दुपारी आणायला गेले आणि कपाळावर हात मारला. मधोमध माझाच गॉगलवाला फोटो, भोवती गुलाब!

"दादा, हे काय केलंत?"

"ताई, एवढी जागा रिकामी राह्यली होती. मले वाटलं, तुम्ही फोटू टाकायले भुलल्या. तुमच्या व्हॉट्सॲपचाच घेतला."

तेवढ्यात मावशी मंडळाच्या बायांना घेऊन आली. मी घाईघाईने म्हटलं, "फोटो काढून टाकते, पांढरंच ठेवू." तशा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या शांताबाई पुढे झाल्या.

"काऊन पांढरं? इटा आम्ही वाह्यल्या, रेती आम्ही वाह्यली. आमचे तोंडं काय वाईट हायेत?"

मला झोंबलं. मग राग आला, सरांचा आणि त्यांच्या स्वच्छतेचा. रिकामी जागा परवडते कुणाला? ज्यांचे चेहरे पिढ्यान् पिढ्या भिंतीवर आहेत त्यांना! या बायांना आत्ता कुठे भिंत मिळत होती, आणि मी ती पुसायला निघाले होते.

दुकानातच बसले. बाया घरून फोटो घेऊन आल्या: आधार कार्डावरचे, लग्नातले, एक तर नवऱ्याला कापून काढलेला. शांताबाईंकडे फोटोच नव्हता. शटरसमोर उभं करून मीच काढला. पदर सारखा करत म्हणाल्या, "मोठा टाक माय, मले बारीक दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मिशावाल्यांच्या शेजारी आमचा फ्लेक्स चढला. एका जीपवाल्याने गाडी उभी करून आरोळी ठोकली, "अबे, हे तं आमची माय हाय!"

दुसरी प्रत छापून घेतली आणि गुंडाळी मांडीवर घेऊन पुण्याला आले. परीक्षेच्या दालनात ती भिंतभर टांगली. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नजर विसावणार कुठे?"

"शांताबाईंवर विसावा, सर. मुद्दाम मोठ्या ठेवल्यात. आणि विषय मी बदलणार नाही."

निकाल अजून लागायचाय. दालन रिकामं करा, अशी शिपाईकाकांनी दोनदा आठवण करून दिली. फ्लेक्स मी उतरवलेला नाही.