गंध लावलेला दगड

कुणाच्या घरी चंदन उगाळत असले, की काशीतल्या भोसले घाटाजवळच्या गल्लीत आजही माझा हात हातोडा शोधतो.

पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. लडाखहून आणलेला हिरवट काळा दगड मी टेबलावर ठेवला होता. तो पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला होता. त्याच्याखाली समुद्राचा तळ बुडत गेला, तेव्हा त्यातलं पाणी या खडकात कुठे किती मुरलं, हेच मला मोजायचं होतं. त्या जागेचा दुसरा तुकडा माझ्याकडे नव्हता.

आंघोळ करून आले तर दगड देवघरात! बाबा भिक्षुकी करायचे. काशीला येणारे यजमान घरचे जुने देव आमच्याकडे सोडून जात. हाही त्यातलाच समजून बाबांनी त्याला गंगाजलाने न्हाऊ घालून चंदनाचं गंध लावलं होतं.

“बाबा, आता मी काय मोजू, तुमचं गंगाजल?”

मी रडले नाही. वरचा थर फोडून काढायचा, आतला गाभा शुद्धच असणार, असं ठरवून छिन्नी लावली. पण दगड निसटत होता. बाबांनी समोर बसून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“मार,” ते म्हणाले. “रुकू नकोस.”

गाभ्यात त्या जुन्या समुद्राच्या खुणा सापडल्या, प्रबंध पुरा झाला. तेव्हा वाटलं, बाबांनी आपली चूक निस्तरली. आज मात्र दिसतं ते एवढंच, की तासाभरापूर्वी ज्याला त्यांनी हात जोडले, त्याच्यावर मी घाव घालत होते आणि ते हात जराही हलले नव्हते.