पाहुण्यांच्या स्वागताचा दिवा

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला मला वेळ लागतो. या एका प्रकरणाचं मात्र तसं होत नाही. त्यात दरोडा नव्हता, रक्त सांडलं नव्हतं, पेपरात चार ओळींच्या वर बातमीही आली नाही. तरी अजून मध्येच ते आठवतं आणि दिवस खराब करून जातं.

करोनाची बंदी उठली होती. मी तेव्हा पवनी तालुक्यात ठाणेदार होतो. जंगलाच्या गेटवर सफारीच्या जिप्सींची रांग पुन्हा लागू लागली आणि त्यांत गोरे चेहरेही पुन्हा दिसू लागले. मग काय, ज्याच्याकडे रस्त्यालगत दोन खोल्या, त्याने चुना मारून ‘होम स्टे’ची पाटी लावली! मोबाइलवर फोटो टाकायचे, एक-दोन रात्रींसाठी घर द्यायचं. आमचं काम त्यामुळे वाढलं. परदेशी माणूस घरात उतरला की त्याची नोंद पोलिसांना ऑनलाइन कळवावी लागते. निम्मे लोक ती कळवतच नसत, आणि आमचा जमादार मोटरसायकल घेऊन त्यांच्या मागे फिरे.

अशात एके दिवशी हजेरी आटोपल्यावर आंधळगावकडची एक बाई ठाण्यात आली. चाळिशीची, शेतकरी घरातली. माहेर आसगावच्या पुढचं.

“माय हरवली म्हणता?” मी विचारलं.

“हरवली नाई म्हनत, साहेब. भाऊ म्हनते काशीले गेली. मी म्हनते, नाई गेली.”

“काहून?”

“तिले गाडी लागते ना जी! अड्याळच्या बाजारात जाची तं दोनदा गाडी थांबवा लागे. ते काशीले कशी जाईन? अन् मले न सांगता? दर सोमवारी भावाच्या फोनवरून बोले माह्यासंग. आता भाऊ म्हनते, तिकडं रेंज नाई.”

जमादार हसला. “बुडी गेली असन तीर्थाले बायांसंग. येईन परत.”

मी त्याच्यावर खेकसलो. लेक आपल्या आईच्या तब्येतीबद्दल इतकं नेमकं सांगते, तेव्हा ऐकून घ्यावं, हसू नये. मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि महिला उपनिरीक्षकाला सोबत घेऊन निघालो.

घर गावाबाहेर, स्वतःच्या शेतात. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कापणी झालेली, पलीकडे तलाव. भिंती शेणा-मातीने सारवून त्यांवर आमच्या भागात कधी नव्हती अशी चित्रं काढलेली. मुलगा पस्तिशीचा, बोलण्यात चपळ. पूर्वी नागपुरात दुसऱ्यांचे फ्लॅट परदेशी पाहुण्यांना रोजच्या भाड्याने देण्याची व्यवस्था बघायचा. बंदीत तो धंदा बसला, हा गावी परतला आणि पाहुणे पुन्हा यायला लागले तेव्हा त्याने आईचंच घर त्याच कामाला लावलं. आईची समोरची मोठी खोली पाहुण्यांना दिली. आई मागे, गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या खोलीत.

“आई कुठे आहे?”

“काशीला, सर. बायांची बस होती. शनिवारी निघाल्या, पहिला मुक्काम जबलपूर. मी स्वतः बसवून दिलं. खिडकीची सीट दिली, स्वेटर दिलं, गोळ्या दिल्या…”

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं जास्त सांगतो, हे मी फार पूर्वी शिकलो. आजूबाजूच्या गावांत चौकशी केली. कोणतीही बस काशीला गेली नव्हती. दुसऱ्यांदा ठाण्यात बोलावला तर बसची रेल्वे झाली. “सर, मी विसरलो, टेन्शनमध्ये होतो.” मी टेबलावर हात आपटला तरी तो घाबरला नाही, उलट पाणी मागून शांतपणे प्यायला. सोबत आलेली त्याची बायको पूर्ण वेळ दाराशी उभी होती. मारझोड मला पसंत नव्हती, आणि पुरावा तर काहीच नव्हता.

तपास अडला, तो सोडवला आमच्या महिला उपनिरीक्षकाने. ती जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर त्या घराचं पान बघत बसली होती. पाहुणे जाताना तिथे अभिप्राय लिहितात आणि चांदण्या देतात.

“सर, हे ऐका,” ती म्हणाली. “एका परदेशी बाईने पाचपैकी पाच दिलेत. लिहिते की, आम्ही सकाळच्या सफारीहून आलो, त्या संध्याकाळी घरच्या सुनेने मागच्या छोट्या खोलीत आमच्या स्वागतासाठी दिवा लावला. फार सुंदर रीत आहे. फोटोही टाकलाय.”

मी चष्मा लावून फोटो पाहिला. सारवलेली जमीन. तिच्यावर तांदळाचं पीठ पसरून हाताने सपाट केलेलं. शेजारी मातीची पणती. आणि पिठावर झाकायला आणलेली बांबूची टोपली, सुनेच्या हातात.

मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या चौकशीला किती घरांत गेलो असेन मी! माणूस जिथे जातो तिथे आमच्याकडे असंच पीठ पसरतात, दिवा लावतात, टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठावर कशाचा ठसा उमटला ते बघतात. जीव कोणत्या रूपाने गेला, ते त्यावरून समजतं म्हणतात. माझी आई गेली तेव्हा मीही ओणवा होऊन ते पीठ निरखलं होतं. या दिव्याने पाहुण्याचं स्वागत कोणी करत नाही.

मी मुलाला बोलावलं नाही. तो बाहेर गेला असताना आम्ही घरी गेलो. सून तांदूळ निवडत होती. मी फोटो तिच्यासमोर धरला.

“हा दिवा कोणासाठी लावला होता, बाई?”

तिने फोटो पाहिला आणि सूप बाजूला ठेवलं. मग पदर तोंडात धरून ती रडायला लागली, ती किती वेळ थांबलीच नाही.

“बुडीसाठी, साहेब, माह्या सासूसाठी,” ती शेवटी म्हणाली. “ते नोको म्हनत होते. मी म्हनलं, काही करा, दिवा तं मी लावतेच. जीव भटकन ना! तेवढ्यात मॅडम मांगं आल्या, तं यायनं सांगतलं का तुमच्या स्वागताचा आहे. त्या मॅडमनं हात जोडले दिव्याले.”

पुढचं सगळं तिने एका दमात सांगितलं. सासूला खोकला होता, ताप होता. पाहुणे असताना मागच्या खोलीतून आवाज येऊ द्यायचा नाही, अंगणात दिवा लावायचा नाही, असा नवऱ्याचा दंडक. त्या रात्री सासूने हाका मारल्या. ही उठायला लागली तर नवऱ्याने हात धरून बसवलं. ‘पाहुने झोपून राहिले, सकाळी पाहू.’ सकाळी म्हातारी गार पडली होती. पाहुणे पहाटेच सफारीला गेलेले. ते परत येण्याआधी दोघांनी मिळून तिला बांधीच्या धुऱ्याजवळ, शेताच्या बांधालगत पुरलं. घरात सुतक आहे म्हटलं तर पाहुणे उठून जातील, पुढचं बुकिंग तुटेल, चांदण्या कमी होतील. उन्हाळ्यात काशीला वारली म्हणून सांगायचं ठरलं होतं. तिकडे मेलेल्याचं प्रेत कोण मागतो?

मुलाला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. फोटो दाखवल्यावर तोही कोसळला. पण मला चीड आली ती त्याच्या पहिल्या प्रश्नाची. “सर, हे ॲपवर येईल का?” त्या क्षणी मी खोलीबाहेर निघून गेलो. नाहीतर नोकरीत कधी केलं नाही ते माझ्या हातून झालं असतं.

तहसीलदारांसमोर उत्खनन झालं, पंचनामा झाला. डॉक्टरांनी लिहिलं, अंगावर इजा नाही, फुप्फुसं भरलेली. वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचली असती का, यावर ते ठाम बोलेनात. मृत्यू लपवल्याचं आणि म्हातारीची हेळसांड केल्याचं कलम लागलं. जामीन लवकर झाला. मी निवृत्त झालो तेव्हा खटला तारखांवरच होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पैशाच्या लोभाची गोष्ट म्हणून ती सांगणं सोपं आहे. पण तो पोरगा राक्षस नव्हता. परक्या माणसाला आपल्या घरात काही खटकू नये, एवढाच त्याचा ध्यास. त्या ध्यासापायी आपल्याच घरचं माणूस त्याला अडचण वाटायला लागलं. अशी घरं मी नंतर बरीच पाहिली. आपल्याच अंगणात लोक दबक्या आवाजात बोलत असतात. मला तिथे बसवत नाही.

उत्खननाच्या दिवशी प्रेत ताब्यात घ्यायला लेक शेतावर आली होती. रडली नाही. सगळं होईस्तोवर उन्हात उभी राहिली. मग माझ्याजवळ आली.

“साहेब, वहिनी म्हनते माय हाका मारत होती. कोनाले?”

सुनेचा जबाब मीच नोंदवला होता, हाका कोणाला ते त्यात होतं. खोटं बोलता आलं नाही. “तुलेच, बाई.”

तिने धुऱ्याकडे वळून पाहिलं.

“पाहुन्यायची झोप मोडली असती तं का झालं असतं, साहेब?”

त्या परदेशी बाईचा जबाब आमच्या उपनिरीक्षकाने आदल्या दिवशीच फोनवर घेतला होता. खोकण्याचा आणि हाकांचा आवाज त्या बाईनेही ऐकला होता. उठून बघावं असं तिला दोनदा वाटलं. पण परक्याच्या घरात मध्ये पडणं बरं दिसणार नाही, म्हणून ती पडून राहिली.

“त्या झोपल्याच नव्हत्या, बाई,” मी म्हणालो. “जाग्याच होत्या.”